बुरशीचं औषध सापडलं कधी आणि पोचलं कधी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

मे २०२१ च्या आधी 'अ‍ॅम्फोटेरिसिन' हे नाव आपल्या टेंभुर्णीत मेडिकलवाल्यांशिवाय कुणाच्या तोंडी नव्हतं. त्या महिन्यात ते प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. कोरोनातून उठलेला माणूस, आठ-दहा दिवसांनी गाल सुजतो, डोळा लाल होतो, टाळूला काळा डाग पडतो, आणि डॉक्टर सांगतात म्युकर झालाय, इंजेक्शन आणा. कुठून आणा? सोलापूर इथून नव्वद किलोमीटरच्या आसपास, पुणं दीडशेच्या पुढं, आणि इंजेक्शन दोन्हीकडं नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं संसदेत आकडा दिला: देशात ४५,३७४ रुग्ण, ४,३३२ मृत्यू. सगळ्यात जास्त रुग्ण आपल्या महाराष्ट्रात. किती जणांचा डोळा गेला, किती जणांचा वरचा जबडा काढावा लागला, ते या आकड्यात नाही. आपल्या तालुक्यात अशी माणसं आजही भेटतात.

यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. सरकारनं हे केलं नाही, कंपन्यांनी ते केलं. पण एक प्रश्न मला तेव्हापासून सतावत होता. हे औषध काही नवीन नव्हतं. ते १९५० च्या दशकातलं आहे. मग सत्तर वर्षं जुनं औषध गरजेच्या दिवशी मिळत का नाही? याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आपल्या पुण्या-मुंबईचाच निघाला. तोच इथं मांडतोय.

बुरशी मारणं अवघड का?

माझा धंदा शेतीच्या औषधांचा. त्यामुळं भुरी, डाऊनी, करपा ही नावं रोजचीच. कुठल्याही द्राक्षवाल्याला किंवा डाळिंबवाल्याला विचारा, औषध भारी असून भागत नाही. पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे, पावसानं धुऊन जाता कामा नये. म्हणून तर आपण टाकीत स्टिकर घालतो. औषध तेच, स्टिकर घातला की काम वेगळं.

माणसाच्या अंगातल्या बुरशीचंही तसंच, उलट जास्त अवघड. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते. त्यामुळं पेनिसिलिन जिवाणूला मारतं आणि आपल्याला सोडतं. बुरशीची पेशी मात्र रचनेनं आपल्या पेशीची चुलत बहीण आहे. तिला विष घातलं की थोडं आपल्यालाही चढतं. फरक शोधायला जागा कमी. एक मोठा फरक सापडला तो पेशीच्या आवरणात. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. बुरशीवरची बरीच औषधं या एका फरकावर उभी आहेत.

मातीतून आलेली औषधं

हा फरक ओळखणारी पहिली औषधं माणसानं बनवली नाहीत, मातीनं बनवली. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो ना, तो स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा. हे जिवाणू मातीत बुरशीशी जागेसाठी भांडतात आणि भांडताना विष सोडतात. शास्त्रज्ञांनी तेच विष उचललं.

अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन बाया. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नमुने आणि जिवाणूंच्या बाटल्या दोघी एकमेकींना पोस्टानं पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतातल्या मातीतून त्यांना 'निस्टॅटिन' मिळालं. १९५० मध्ये ते जाहीर झालं. नाव न्यूयॉर्क स्टेटवरून. रॉयल्टीचे पैसे दोघींनी स्वतः घेतले नाहीत, संशोधनाला दिले. पण निस्टॅटिन तोंडात, कातडीवर, आतड्यात चालायचं. रक्तात देता येत नव्हतं, विषारी पडायचं.

मग १९५० च्या दशकाच्या मध्यात स्क्विब कंपनीच्या शास्त्रज्ञांना व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीत दुसरा जिवाणू सापडला. त्यातून आलं अ‍ॅम्फोटेरिसिन बी. शरीरात खोलवर गेलेल्या बुरशीवर शिरेतून देता येईल असं हे पहिलं दमदार औषध.

आणि आता आपल्याकडची गोष्ट.

पिंपरीची माती

पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ मध्ये स्थापन झालेला, सरकारी मालकीचा देशातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. पेनिसिलिन बाहेरून आणायला परवडत नाही, इथंच बनवायचं, हा हेतू. १९५५ पासून उत्पादन सुरू झालं. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीची पायाभरणी ज्या कारखान्यांनी केली त्यातला हा एक. आपल्या डाळिंबवाल्यांना तो दुसऱ्या नावानं माहीत आहे. तेल्यासाठी आपण वर्षानुवर्षं जी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी टाकीत टाकली, ती याच कारखान्याची.

या कारखान्यात फक्त बाहेरचं तंत्र आणून औषध बनवायचं असं नव्हतं. संशोधनाची प्रयोगशाळाही होती. तिथं एम. जे. तिरुमलाचार हे बुरशी आणि वनस्पतिरोगांचे मोठे जाणकार काम करायचे. पिंपरीच्याच मातीत त्यांच्या गटाला स्ट्रेप्टोमायसिसची एक जात मिळाली. तिचं नाव ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. गावाचं नाव जिवाणूला! तिच्यातून १९६१ मध्ये निघालं 'हॅमायसिन', बुरशीवरचं भारतीय अँटिबायोटिक, निस्टॅटिन आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्याच कुळातलं. कानातली बुरशी, तोंडातली पांढरी बुरशी, कातडीचे आजार यांवर ते वापरलं गेलं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते शरीरात खोल गेलेल्या बुरशीवरही करून बघितलं. त्याच प्रयोगशाळेतून पिकांसाठी 'ऑरिओफंजिन' नावाचं बुरशीनाशक आलं. माणसाचं औषध आणि झाडाचं औषध एकाच छपराखाली.

म्हणजे बघा, देश स्वतंत्र होऊन चौदा वर्षं झाली होती, आणि बुरशीवरचं स्वतःचं औषध आपल्याकडं होतं. मग हॅमायसिनचं नाव आज कुणाला माहीत का नाही?

कारण अडलं ते पोचवण्यात. या कुळातल्या सगळ्या औषधांचा स्वभाव एकच. पाण्यात नीट विरघळत नाहीत. गोळी गिळली तर आतड्यातून रक्तात भरवशानं जात नाहीत. शिरेतून द्यायची तर विषारीपणा आडवा येतो. बाटलीत औषध आहे, पेशंटच्या फुप्फुसात बुरशी आहे, आणि मधला रस्ता नाही. हॅमायसिन कातडीवर आणि कानात चाललं, पण खरी लढाई होती तिथं पोचलं नाही.

थंडी वाजवणारं औषध

अ‍ॅम्फोटेरिसिनवाल्यांनी जुगाड केला. पित्तात असतो तसला एक क्षार, डीऑक्सिकोलेट, त्याच्यात औषध मिसळलं. साबणानं जसं तेल पाण्यात मिसळतं तसं हे औषध पाण्यात मिसळायला लागलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आलं आणि पुढं तीसेक वर्षं जगभर तेच चाललं.

माणसं वाचली, पण किंमत मोजून. सलाईन सुरू झाली की तासाभरात हुडहुडी, ताप, उलटी. आणि खरा घाव किडनीवर. औषध बुरशीच्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं हे खरं, पण आपल्या कोलेस्टेरॉललाही थोडं चिकटतंच. किडनीच्या पेशी त्यात भरडल्या जातात. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी या औषधाच्या नावाचा शेवट बदलून 'अ‍ॅम्फो-टेरिबल' केला होता, म्हणजे भयंकर. बुरशी मरेपर्यंत किडनी टिकेल का, असा तो हिशेब असायचा. त्यात पेशंट मधुमेही असेल तर किडनी आधीच अर्धी थकलेली.

पाटपाणी आणि ठिबक

इथं ऊसवाल्यांना समजेल असं सांगतो. पाटानं पाणी सोडलं तर सगळं रान भिजतं, तण माजतं, जमीन खारवते, आणि मुळाला मिळायचं तेवढंच मिळतं. ठिबकनं तेच पाणी मुळाशी पडतं. पाणी बदललं नाही, पोचवायची रीत बदलली.

औषधातलं ठिबक म्हणजे लिपोसोम. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथं अ‍ॅलेक बँगहम हे शास्त्रज्ञ लेसिथिनवर काम करत होते. लेसिथिन म्हणजे अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असणारा एक स्निग्ध पदार्थ. तो पाण्यात टाकला की आपोआप बारीक बारीक पोकळ गोळे होतात, हे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलं. गोळ्याची भिंत हुबेहूब पेशीच्या आवरणासारखी. त्यांना अभ्यास करायचा होता पेशीच्या आवरणाचा. पण लोकांच्या लक्षात आलं की या गोळ्यात औषध भरून पाठवता येईल.

अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी तर हे घर आयतंच. ते पाण्यात राहत नाही, चरबीत राहतं. म्हणून ते गोळ्याच्या पोकळीत न बसता भिंतीतच रुतून बसतं. असा गोळा रक्तातून फिरताना औषध आपल्या पेशींवर सहजी सांडत नाही. बुरशीची भिंत भेटली की औषध तिकडं सरकतं, कारण एर्गोस्टेरॉलची ओढ जास्त. औषधाचा रेणू तोच, ओरिनोकोच्या मातीतला. बदलली फक्त गाडी.

फरक किती पडला? १९९९ मध्ये अमेरिकेत ६८७ पेशंटवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. जुन्या औषधानं सुमारे ३४ टक्के लोकांच्या किडनीला त्रास झाला, लिपोसोमवाल्यानं १९ टक्के. हुडहुडी भरणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. त्रास पूर्ण गेला असं नाही, पण डोस वाढवून पुरेसे दिवस देता येईल इतका कमी झाला.

अमेरिकन कंपनीचं लिपोसोमल औषध १९९० पासून युरोपात मिळायला लागलं आणि १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. भाव असा, की आपल्या सरकारी दवाखान्यात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

परळचं काम

मग परळच्या केईएममध्ये ते काम झालं. केईएम म्हणजे महानगरपालिकेचा दवाखाना. आपल्या जिल्ह्यातलीही किती माणसं शेवटची आशा म्हणून तिथं गेलीत. तिथल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भारतातच लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन तयार करण्याचं आणि पेशंटवर तपासण्याचं काम केलं. तिकडं दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात बी. के. बच्छावत या जीवरसायनशास्त्रज्ञाचा गट लिपोसोमवर काम करत होता.

१९९३ मध्ये केईएमच्या गटानं इतर डॉक्टरांसोबत एका पेशंटची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. अंगभर पसरलेला कँडिडा बुरशीचा संसर्ग, साध्या अ‍ॅम्फोटेरिसिननं हटत नव्हता, लिपोसोमल दिल्यावर बरा झाला. त्याच वर्षी बच्छावत यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. त्यात त्यांनी उंदरांमधल्या बुरशीवर लिपोसोममध्ये भरून जे औषध वापरलं, ते कोणतं माहितीय? हॅमायसिन. आपल्या पिंपरीच्या मातीतलं. बत्तीस वर्षांनी त्याला गाडी मिळाली होती. पण तोवर अ‍ॅम्फोटेरिसिन फार पुढं गेलं होतं. हॅमायसिन मागं राहिलं ते राहिलंच.

भारतीय लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन पुढं 'फंगिसोम' नावानं बाजारात आलं, परदेशी मालापेक्षा स्वस्त. त्याचीही एक अट आहे. पेशंटला देण्याआधी ते ध्वनिलहरींच्या यंत्रात साधारण पाऊण तास हलवावं लागतं. म्हणजे दवाखान्यात यंत्र हवं, शिकलेला माणूस हवा. पोचवणं हे असं असतं. एक पायरी सुटली की पुढची समोर येते.

याच औषधाचा दुसरा उपयोग म्हणजे बिहारमधला काळा आजार, काला-आजार. तो बुरशीचा नाही, पण औषध तेच चालतं. केईएमच्या गटानं त्यावरही काम केलं. २०१० मध्ये बिहारमध्ये डॉ. श्याम सुंदर यांच्या गटानं दाखवलं की लिपोसोमल औषधाचा एकच डोस, एका दिवसात, ९५ टक्क्यांहून जास्त पेशंट बरे करतो. पूर्वी महिनाभर दवाखान्यात पडून राहावं लागायचं. रोजंदारी बुडणाऱ्या माणसाला एक दिवस आणि एक महिना यात काय फरक असतो, ते मी सांगायला नको.

मग २०२१ ला काय अडलं?

आता हिशेब मांडू. हिशेब माझा आहे, चुकला तर सांगा.

एक इंजेक्शन ५० मिलिग्रॅमचं. म्युकरला लिपोसोमल औषधाचा डोस किलोमागं किमान ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा इंजेक्शनं. तीन आठवडे धरले तर १२६. तेव्हा भाव सात हजारांच्या आसपास सांगितला जात होता. दिवसाला ४२ हजार, तीन आठवड्यांचे ८ लाख ८२ हजार. एकर-दोन एकरवाल्याचं रान विकायचं काम.

पुरवठा बघा. २६ मे २०२१ ला केंद्रानं राज्यांना २९,२५० जादा इंजेक्शनं वाटून दिली, देशभरातल्या ११,७१७ पेशंटच्या हिशेबानं. त्यात महाराष्ट्राचे २,७७० पेशंट. भागाकार करा. माणशी अडीच इंजेक्शनं. एका माणसाचा अर्धा दिवससुद्धा धड निघत नाही.

इतका तुटवडा का? कोरोनाआधी या औषधाला गिऱ्हाईकच कमी होतं. देशात पाच कंपन्या बनवायच्या आणि एक आयात करायची. कुठलीही कंपनी न खपणारा माल साठवून ठेवत नाही. आणि हे गोळीसारखं छापून काढायचं औषध नाही. विशिष्ट शुद्ध चरबी लागते, ती बनवणारेही जगात मोजके. मग निर्जंतुक वातावरणात एकसारख्या आकाराचे गोळे बनवायचे, तपासायचे. त्याला आठवडे लागतात. केंद्रानं मे महिन्यात आणखी पाच कंपन्यांना परवाने दिले, त्यात पुण्याची एमक्युअरही होती. पण त्यांचा माल जुलैपासून येणार होता. जबडा जुलैपर्यंत थांबत नाही.

मेच्या शेवटी वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं उत्पादन सुरू केल्याची बातमी आली. नितीन गडकरींनी पाठपुरावा केला होता. भाव सांगितला १,२०० रुपये. ते होतं इमल्शन, म्हणजे औषध स्निग्ध पदार्थाच्या दुधासारख्या मिश्रणात. लिपोसोमपेक्षा वेगळी गाडी, पण चालणारी. १२ जूनला जीएसटी कौन्सिलनं या औषधावरचा ५ टक्के कर शून्यावर आणला. आयआयटी हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तोंडावाटे घ्यायची, अतिबारीक तंतूंची ६० मिलिग्रॅमची गोळी तयार केल्याचं जाहीर केलं. हे सगळं चांगलंच झालं. फक्त साथ उसळल्यावर झालं.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण लोक आजही विचारतात की इंजेक्शन चालू असताना डॉक्टरांनी जबडा का कापला. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बुजवून टाकते. वाहिनी बुजली की पुढचा भाग मरतो, काळा पडतो. काळी असते ती मेलेली जागा. आता सलाईनमधलं औषध तिथं जाणार कुठून? चारी बुजली तर खालच्या वाफ्याला पाणी येत नाही, कितीही मोटर चालवा. म्हणून मेलेला भाग काढावाच लागतो. जगातली सगळ्यात भारी गाडीसुद्धा रस्ता बंद असेल तर पोचत नाही.

आता यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, साखर. म्युकर झालेल्यांत बहुतेकांची साखर वाढलेली होती, आणि त्यावर स्टेरॉइडचा मारा. ऑक्सिजनवरच्या पेशंटला ठरावीक डोसमध्ये स्टेरॉइड जीव वाचवतं, हे २०२० मध्ये सिद्ध झालेलं आहे. पण ते साध्या तापाला, घरच्या घरी, जास्त दिवस दिलं गेलं. म्युकरची बुरशी उकिरड्यावर, शेणखतात, मातीत सगळीकडं आहे. ती आपल्यात रोज जाते आणि शरीर तिला रोज परतवतं. साखर बेताल असेल तर दारच उघडं राहतं. चाळिशीच्या पुढं वर्षातून एकदा साखर तपासा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

दुसरं, नायटा. गेल्या दहा-बारा वर्षांत नायटा आपल्याकडं किती चिवट झालाय ते प्रत्येक घराला माहीत आहे. याला एक मोठं कारण म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मिश्र ट्यूबा. त्यात बुरशीचं औषध असतं आणि सोबत स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून वाटतं बरं झालं. प्रत्यक्षात स्टेरॉइडनं अंगाची राखण झोपते आणि बुरशी पसरते. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. बंदी कागदावर आहे. गावातल्या गावात आपण एकमेकांना ट्यूब सुचवायचं बंद केलं तरी निम्मं काम होईल.

तिसरं, गोळी पोचते का ते बघा. नायट्यासाठी इट्राकोनाझोलची कॅप्सूल बऱ्याच जणांना दिली जाते. ती शोषली जायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची असते. आणि आपल्याकडं निम्मं गाव सकाळी अनशापोटी अ‍ॅसिडिटीची गोळी खातं. अ‍ॅसिडिटीची गोळी आम्ल कमी करते, मग कॅप्सूल पूर्ण शोषली जात नाही. पैसे गेले, बुरशी तशीच. डॉक्टरांना सांगा की तुम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी घेताय. जुनं ग्रिसोफुल्विनही असंच, जेवणात तूप-तेल असेल तर चांगलं लागू होतं. पोचवण्याचा प्रश्न मोठ्या प्रयोगशाळेतलाच असतो असं नाही, आपल्या ताटातलाही असतो.

चौथं आमच्या धंद्याचं, आणि हे लिहिताना काही मित्र नाराज होतील. हेक्साकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल ही आपण बागेत मारतो ती बुरशीनाशकं आणि माणसाचं इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल एकाच कुळातली. रानातली बुरशी या औषधांना सरावली की माणसातली त्याच जातीची बुरशीही औषधाला दाद देत नाही. नेदरलँड्समध्ये अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या बाबतीत हे दिसून आलंय. म्हणून शिफारशीपेक्षा जास्त मात्रा, गरज नसताना 'एक हात मारून घेऊ', आणि एकच औषध पुन्हा पुन्हा, हे बंद व्हायला हवं. गट बदलून फवारा. बागेचंही भलं त्यातच आहे.

आणि सरकारकडं मागायचं काय?

पिंपरीच्या त्या कारखान्याचं पुढं काय झालं ते सांगतो. १९९७ मध्ये तो आजारी उद्योग ठरला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याची जादा जमीन विकून देणी भागवायचं आणि कारखान्याची विक्री करायचं धोरण मंजूर केलं. ज्या मातीच्या नावानं जगात एक जिवाणू ओळखला जातो, तिचा भाव आता चौरस फुटानं निघतो. खासगी कंपन्यांनी काम केलं नाही असं माझं म्हणणं नाही, २०२१ ला माल त्यांनीच दिला. पण बाजार साठा ठेवतो तो खपाच्या अंदाजानं. साथ अंदाज देऊन येत नाही. न खपणारा, पण लागला तर त्याच दिवशी लागणारा माल धरून ठेवणं हे सरकारचं काम आहे. आग लागल्यावर बंब विकत आणत नाहीत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जिल्ह्याला बुरशीच्या इंजेक्शनांचा थोडा राखीव साठा, मुदत संपायच्या आत मोठ्या दवाखान्यांत फिरवला जाणारा. ग्रामीण रुग्णालयात खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची सोय. काच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब आणि शिकवलेला एक माणूस एवढंच त्याला लागतं. आणि साठा कुठं किती आहे ते रोज लोकांना दिसेल असा फलक. २०२१ ला नातेवाइकांचा निम्मा वेळ औषध आहे कुठं हे विचारण्यात गेला.

पुढच्या जिल्हा नियोजनाच्या बैठकीआधी आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींना हे निवेदन द्यायचं ठरवतोय. मसुदा तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव टाका. आणि तुमच्या घरात कुणाला म्युकर झाला होता, इंजेक्शन मिळायला किती दिवस लागले, तेवढा आकडा द्या. नाव-गाव सांगू नका, दिवस सांगा. निवेदनाला तोच आकडा जोडायचा आहे.